सातवी पायरी

करीम धनसे यांनी छत्तीस वर्षं इंग्लंडमधल्या हॅलोबी गावात बस चालवली आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांची बस थांब्यावर उशिरा आल्याची एकही तक्रार झाली नाही. निवृत्त झाल्यावरही घड्याळ त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र दहाची वेळ दिलेली असताना, साडेनऊ वाजले तरी ते स्वयंपाकघरात एकाच पायात बूट घालून बसले होते.

"मामू, दुसरा बूट मी घालू का?" मेहरून दारातून म्हणाली. "लहानपणी तुम्ही मला घालायचात. फिटून जाईल."

"आलो गं बाय. गाठ सुटत नाही."

गाठ केव्हाच सुटली होती.

मेहरुन्निसा ही त्यांच्या बहिणीची मुलगी. वय एक्कावन्न. बाणकोटच्या खाडीकाठचं गाव सोडून ती चार वर्षांची असताना इंग्लंडला आली आणि याच हॅलोबीत, करीमच्याच घरात, सत्तावीस वर्षांपूर्वी तिचा निकाह झाला. नवरा दिलावर तुंगेकर, सुतार. बोलायला कमी, हाताला चोख. एकोणीस दिवसांपूर्वी तो कारखान्यात रंधा हातात असतानाच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. तेव्हापासून तो डोळे उघडायचा, मिटायचा, पण बोटही हलवत नव्हता.

रुग्णालयात मेहरूनला एक फॉर्म दिला होता. त्यात रुग्णाशी नातं काय, असा रकाना होता. तिने 'पत्नी' लिहिलं. काउंटरवरच्या बाईने अगदी हळू आवाजात विचारलं, "सरकारी नोंदणी आहे ना?" नव्हती. निकाहनामा होता, त्यावर सह्या होत्या, जेवणावळीचे फोटो होते. नोंदणी मात्र 'पुढच्या महिन्यात करू' म्हणता म्हणता राहून गेली होती. बाईने 'पत्नी' खोडून तिथे 'परिचित' लिहिलं.

सत्तावीस वर्षं ज्याचे शर्ट धुतले, त्याची ती परिचित.

म्हणून आता निर्णय दिलावरच्या थोरल्या भावाच्या, वजीरच्या हातात होते. वजीरने गुरुवारी सकाळी दिलावरला तीनशे मैलांवरच्या एका उपचार केंद्रात हलवायचं ठरवलं होतं. तिथे अशा रुग्णांना वर्षानुवर्षं यंत्रांवर ठेवत. दोन वर्षांपूर्वी तसंच पडलेल्या एका मित्राला भेटून आल्यावर दिलावर मेहरूनला म्हणाला होता, "माझं असं झालं तर मला घरी ने. आपल्या खिडकीशी ठेव." ते तिने एकटीनेच ऐकलं होतं. परिचित बाईने काय ऐकलं, याला किंमत नव्हती. गुरुवारच्या आत ती कायद्याने त्याची बायको ठरली, तरच तिचा शब्द चालणार होता.

आणि ते ठरणार होतं करीमच्या साक्षीवर.

*

अशा बायका हजारोंनी होत्या. निकाह झालेला, संसार झालेला, आणि नवरा वारला किंवा सोडून गेला की कळायचं की कायद्याच्या नजरेत लग्नच झालेलं नाही. शेवटी चार वर्षांपूर्वी मान्यता कायदा आला. तो करताना वकील आणि मौलवी एका टेबलाशी बसले होते. निकाह हा मुळात करार आहे, मग तो त्याच्याच अटींवर तपासू, असं त्यांनी ठरवलं. वधूने मनापासून होकार दिला पाहिजे आणि तो दोन साक्षीदारांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला पाहिजे. हे सिद्ध झालं की जुना निकाहनामाही सरकारी नोंदणीइतकाच पक्का.

सिद्ध कसं करायचं? त्यासाठी एक यंत्र होतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. लोक त्याला साक्षीटोपी म्हणत.

ही टोपी मनातलं वाचत नाही. ती फक्त एक फरक ओळखते. आठवणी दोन तऱ्हेच्या असतात, आपण भोगलेल्या आणि आपल्याला कुणी सांगितलेल्या. कैरीला मीठ लावून खाल्लेलं आठवून पाहा. तोंडाला पाणी सुटतं, दात आंबतात. कारण आठवताना मेंदूचे तेच भाग पुन्हा थोडेसे जागे होतात, ज्यांनी तेव्हा चव घेतली होती, वास घेतला होता. आता ज्याने कैरी कधी खाल्लीच नाही, त्याला तिचं कितीही वर्णन सांगा. तो ते घडाघडा म्हणून दाखवेल, पण त्याच्या मेंदूतला फक्त शब्दांचा भाग जागा होईल. चवीचा भाग झोपलेलाच राहील. टोपीच्या आत बसवलेले शेकडो बारीक संवेदक हेच टिपतात. ओळखीची गोष्ट समोर आली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात मेंदूत एक लाट उठते. तोवर जीभ हललेलीसुद्धा नसते. त्यामुळे जिभेला खोटं बोलायला वेळच मिळत नाही.

वजीर गेल्या गुरुवारी या टोपीखाली बसून आला होता. दोन साक्षीदारांपैकी एक तो होता. त्याची साक्ष खरी निघाली. मेहरूनचा होकार त्याने ऐकला होता, आणि तो मान्य करणं स्वतःच्या विरुद्ध जात असूनही त्याने मान्य केला.

राहिले करीम. आणि करीमने तो होकार ऐकलाच नव्हता.

*

झालं होतं ते असं. रीतीप्रमाणे निकाहाच्या वेळी पुरुष खाली बसतात आणि वधू वेगळ्या खोलीत बायकांमध्ये. वकील म्हणून एक वडीलधारा माणूस दोन साक्षीदारांना घेऊन तिच्याकडे जातो, तिला विचारतो, तिचा होकार घेऊन खाली येतो, मगच पुढचं. त्या दिवशी वकील होते मेहरूनचे मोठे काका, आता हयात नसलेले. साक्षीदार वजीर आणि करीम. पण करीमकडे आणखी एक जबाबदारी होती. परसात दीडशे माणसांची बिर्याणी दमावर लागली होती आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

मोठ्या काकांच्या मागोमाग ते जिना चढायला लागले. सातव्या पायरीवर त्यांच्या नाकाला वास आला. भात खाली लागत होता. त्यांनी वर पाहिलं, काका आणि वजीर वळणावरून दिसेनासे झाले होते. 'दोघं आहेत की,' असं मनात म्हणून ते उलटे फिरले आणि परसात धावले. देग वाचली. पाच मिनिटांनी वजीर आणि काका हसत खाली आले, मौलवींनी कागद पुढे केला आणि हाताला तूप लागलेलं असताना करीमने सही केली. सगळ्यांनी ती बिर्याणी वाखाणली.

गेले दहा दिवस ते घरात दार लावून तालीम करत होते. मेहरूनच्या आवाजातला फोनवरचा जुना निरोप लावायचा, डोळे मिटायचे, आपण आठवी, नववी, दहावी पायरी चढतोय असं मनाशी धरायचं, खोली पाहायची, खाली मान घातलेली मेहरून पाहायची. दर वेळी आठव्या पायरीला पाय लावला की जळक्या भाताचा वास यायचा.

*

"तीन दिवे आहेत," तंत्रज्ञ म्हणाली. तिचं नाव ग्वेन मॉर्गन, वय तिशीचं, बोलणं शांत. टोपी करीमच्या डोक्यावर बसवून ती कानामागची पट्टी सैल करत होती. "पहिला दिवा तुमची ओळख करून घेण्यासाठी. दुसऱ्यात तुम्हाला ती जागा दाखवीन. तिसऱ्या दिव्याला खरी साक्ष. एक नियम नीट ऐका, मिस्टर धनसे. तिसरा दिवा लागण्याआधी तुम्ही उठून गेलात, तर करार फक्त अपूर्ण राहतो. पतीपत्नी हयात असतील तर तो पुन्हा करता येतो. पण दिवा लागल्यावर साक्ष खोटी निघाली, तर करार बनावट ठरतो. मग तीन वर्षं तो कुठल्याच रूपात पुढे आणता येत नाही."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"चुकतं. खोटी साक्ष चौदातून एखाद्या वेळी खरी म्हणून जाते."

चौदातून एक. करीमच्या मनाने तो आकडा झटकन उचलला.

काचेपलीकडे मेहरून बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

पहिला दिवा लागला. पडद्यावर बसथांब्यांची नावं येऊ लागली. मिल लेन. रेषा उसळली. चर्च कॉर्नर. उसळली. मग एक नाव आलं जे त्यांच्या मार्गावर कधी नव्हतंच. रेषा सपाट. त्यांनी मुद्दाम मनात म्हटलं, होता, होता, हा थांबा होता. रेषा सपाटच राहिली. त्यांनी तळहात पँटला पुसले.

दुसरा दिवा. दाराची चौकट, गालिचा, आणि मग जिना. त्यांचाच जिना, जुन्या फोटोतला. रेषा एकदम इतकी वर गेली की ग्वेन पुढे वाकली.

"तुम्हाला आत्ता कसला वास येतोय का?" तिने विचारलं. "तुमचा वासाचा भाग पेटलाय. मी तर अजून कुठलाच वास सोडलेला नाही."

करीमने नाकाला रुमाल लावला.

"हरकत नाही. आता तिसरा. मी सहा आवाज ऐकवीन, त्यांतला एक वधूचा. लावू?"

तिचं बोट बटणावर होतं. करीमने काचेकडे पाहिलं. मेहरून त्यांच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या पायांकडे बघत होती. चौदातून एक. बसला ब्रेक लागण्याची शक्यता चौदातून एक असती, तर आपण ती थांब्यावरून हलवली असती का? मागे माणसं बसलेली असताना?

"थांब, पोरी," असं ते मराठीतच बोलून गेले आणि दोन्ही हातांनी टोपी उचलली. "मी वर गेलोच नव्हतो. मी सातव्या पायरीवरून परत फिरलो."

*

बाहेरच्या लांब बाकावर ते मेहरूनशेजारी बसले. तिने काही विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. देग, वास, तुपाचा हात, सही. तिच्याकडे न बघता सांगितलं.

"मला माहीत होतं," मेहरून म्हणाली.

करीमने मान वळवली.

"मी नवरी होते, मामू. ओढणी नाकापर्यंत आणि मान खाली. मला माणसं दिसतच नव्हती, पाय तेवढे दिसत होते. सहा पाय यायला हवे होते. चारच आले. काकांचे आणि वजीर भाईजानचे. मी तुमच्या पायांची वाट बघत होते. तुमचे पाय दिसले की बोलायचं, असं ठरवलं होतं. काका दोनदा विचारून गप्प झाले, मग मी बोलले."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस?"

"कशाला बोलू? तुम्ही भात वाचवल्याचं इतकं कौतुक चाललं होतं." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आणि आज मी आशा धरून बसले होते. चौदातून एक हे मलाही आधीच सांगितलं होतं. तुम्हाला खोटं बोलू द्यायला तयार होते मी. आता परवा त्याला नेतील, आणि मी भेटीच्या वेळात रांगेत उभी राहीन. परिचित म्हणून."

तेवढ्यात जिन्यावरून वजीर आला. वय त्रेसष्ट, लेस्टरला औषधांचं दुकान, चालण्यात नेहमी घाई. निकाल ऐकायलाच तो आला होता.

"उठलास ना टोपीखालून?" तो करीमला म्हणाला. "मला वाटलंच. मी वळणावरून मागे बघितलं तेव्हा जिना रिकामा होता. सत्तावीस वर्षं माझ्या डोळ्यासमोर तो रिकामा जिना आहे."

"मग तेव्हाच का नाही ओरडलास?"

"भूक लागली होती," वजीर म्हणाला, आणि हे हसण्यासारखं आहे हे लक्षात येऊन अधिकच चिडला. "वहिनी, माझं तुमच्याशी वैर नाही. बाप समुद्रातून परत आला नाही तेव्हा हा सात वर्षांचा होता. मी वाढवलाय त्याला. खिडकीशी ठेवून मरू द्यायला नाही वाढवला."

"मरू द्यायचं म्हणतंय कोण, भाईजान? त्याला काय हवं ते—"

"त्याला काय हवं ते तो सांगू शकत नाही!"

हे वाक्य त्या लांबलचक ओसाड व्हरांड्यात घुमलं. करीम उठून उभे राहिले. ग्वेन खोलीतून सामान आवरून निघत होती. त्यांनी तिला गाठलं.

"ही टोपी पहिल्यांदा कुणासाठी केली होती?"

"साक्षीदारांसाठी नव्हे," ग्वेन म्हणाली. "ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. शरीर हलत नाही, पण आत माणूस जागा असतो, असे रुग्ण. पाचांतला एखादा असतो तसा."

"दिलावरला कुणी घातली का?"

"त्याला जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते."

तिघंही वजीरकडे वळले. वजीर भिंतीला टेकला. त्याला हे माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दुकानात रोज डॉक्टरांची ये-जा, त्याला माहीत नसेल कसं?

"आणि काहीच निघालं नाही तर?" तो हळूच म्हणाला. "आत्ता मी रोज त्याच्याशी बोलतो. तो ऐकतोय असं समजून बोलतो. रेषा सपाट आली तर उद्यापासून मी कुणाशी बोलू?"

मग करीम त्याच्याजवळ गेले.

"वजीर, त्या दिवशी तू जिन्यावरून मागे वळून बघितलंस. मी नव्हतो. आज मी पुढे चाललोय आणि मागे वळून बघतोय. तू येणार की नाही?"

वजीरने बुटाच्या टोकाकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि ग्वेनला विचारलं, "सही कुठे करायची?"

*

बुधवारी दुपारी दिलावरच्या खोलीत, त्याला होकार देता आलाच तर अपूर्ण राहिलेला निकाह पुन्हा करायचा म्हणून, पाच माणसं जमली होती. मेहरून, वजीर, करीम, ग्वेन आणि मशिदीचे इमामसाहेब. मेहरूनच्या धाकट्या भावाला येता येत नव्हतं, म्हणून त्याने फोन करून मुलीच्या बाजूने त्यांनाच वली, म्हणजे पालक, म्हणून उभं राहायला सांगितलं होतं. दिलावर उशीला टेकलेला, डोळे छताकडे.

"बोलता न येणाऱ्याचा इशारा हाच त्याचा शब्द, हे आमच्याकडे जुनंच आहे," इमामसाहेब ग्वेनला म्हणाले. "फक्त इशारा त्याचा असला पाहिजे. तुमच्या यंत्राचा नको."

"म्हणूनच आधी परीक्षा," ग्वेन म्हणाली.

तिने समजावलं. आपण हाताने काम करतोय अशी नुसती कल्पना केली, तरी मेंदूचा हात हलवणारा भाग जागा होतो. आपण एखाद्या ठिकाणी फिरतोय अशी कल्पना केली, तर जागेचा नकाशा ठेवणारा भाग जागा होतो. हे दोन भाग एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे घोटाळा होत नाही. पहिल्याला हिरवा दिवा, म्हणजे हो. दुसऱ्याला पिवळा, म्हणजे नाही. थकलेल्या मेंदूला मात्र तीनच प्रयत्न झेपतात. त्यांत उत्तर आलं तर पुढे विचारायचं, नाही तर आजचं संपलं.

तिने नेहमीचंच वाक्य म्हटलं, इंग्रजीत. "मिस्टर तुंगेकर, तुमचं नाव दिलावर असेल, तर आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना करा."

अर्धं मिनिट. दोन्ही दिवे विझलेले.

दुसऱ्यांदा. काहीच नाही.

वजीरने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ग्वेनने यंत्राकडे पाहिलं, मग करीमकडे, आणि अगदी थोडी मान हलवली.

"टेनिस?" मेहरून अचानक म्हणाली. "ज्याने जन्मात रॅकेट धरली नाही, तो टेनिस कसला खेळणार? बाजूला व्हा जरा." तिने खुर्ची ओढली आणि ती दिलावरच्या कानाशी वाकली. ती घरच्या आवाजात बोलली, भाजीत मीठ बघायला सांगावं तसं. "अहो, ऐका. सागाची फळी घेतलीय. गाठ नाही, सरळ रेघांची. 'हो' म्हणायचं असलं तर रंधा मारा. 'नाही' म्हणायचं असलं तर आपल्या पुढच्या दारातून शिरा आणि चालत मागच्या दारापर्यंत जा. कळलं? तुमचं नाव दिलावर ना?"

खोलीत यंत्राच्या पंख्याची बारीक घरघर तेवढी होती. दहा सेकंद. पंधरा. करीम मनात मोजत होते, सवयीने.

हिरवा दिवा लागला.

ग्वेनचा हात तोंडावर गेला. "पुन्हा. उलटा प्रश्न विचारा. खात्री हवी."

"तुमचं नाव वजीर का?" मेहरूनने विचारलं.

पिवळा.

वजीर पलंगाच्या कठड्याला धरून रडत होता आणि हसतही होता. "जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणाला," तो म्हणाला. "म्हण रे, अजून म्हण."

*

मग रीत रीतीप्रमाणे झाली. खिडकीच्या बाजूला पडदा ओढला. त्यामागे मेहरूनने फरशीवर घरून आणलेली पांढरी चादर अंथरली आणि ओढणी पुढे घेऊन ती बसली. इमामसाहेब चपला काढून आत गेले, मागोमाग वजीर. करीम पडद्यापाशी पोचले आणि त्यांचा पाय अडला. बाहेरून दुपारच्या जेवणाची गाडी खडखडत चालली होती. कसला तरी करपलेला वास दारातून आत आला. तो खरा होता की डोक्यातला, हे त्यांना कळेना. त्यांनी बूट काढले, पडदा बाजूला केला आणि ते चादरीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"मेहरुन्निसा बिन्ते कासम," इमामसाहेब म्हणाले, "दिलावर तुंगेकर यांच्याशी, ठरलेल्याच मेहेरवर, तुमच्या निकाहाची उजळणी होते आहे. तुम्हाला कबूल आहे?"

तिची मान आणखी थोडी खाली गेली.

"कबूल आहे," मेहरून म्हणाली. स्वच्छ, सावकाश.

ते तिघं पलंगाशी आले. इमामसाहेबांनी दिलावरला विचारलं, नाव घेऊन, मेहेरची रक्कम सांगून, "तुम्हाला हा निकाह कबूल आहे?"

सगळे हिरव्या दिव्याकडे बघत होते.

पिवळा लागला.

वजीरने करीमचं मनगट पकडलं. इमामसाहेब चाचरले, मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न आणखी हळू विचारला. आणखी एकदा पिवळा.

"स्पष्ट आहे," ग्वेन खालच्या आवाजात म्हणाली. "तो नाही म्हणतोय. मला तसंच नोंदवावं लागेल."

मेहरून पडद्याबाहेर आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांत त्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही असं क्वचितच झालं होतं. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"थांबा, नोंदवू नका," ती म्हणाली आणि त्याच्या कानाशी गेली. "आपला निकाह झालेलाच आहे, पुन्हा कशाला, असं म्हणताय का?"

हिरवा. तोही इतक्या झटकन, की ग्वेनला आकडा टिपायला वेळ मिळाला नाही.

"अगदी बरोबर आहे तुमचं. मीही तेच म्हणते. पण इथल्या कागदाला ते पटत नाही. सही करताना एक माणूस कमी पडला होता. आज आलाय. तर माझ्यासाठी पुन्हा एकदा म्हणा. आपण फळीवर दुसरा हात मारतो ना, गुळगुळीत करायला? तसा."

इमामसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. रंध्याचा एक लांब हात, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढचा प्रश्न विचारायचा हक्क आता मेहरूनचा होता. पण तिने वजीरकडे पाहिलं आणि खुर्ची सोडली. वजीर बसला. भावाच्या डोक्यावर हात ठेवून त्याने दोनदा घसा खाकरला.

"दिलू. केंद्रात चांगले डॉक्टर आहेत. तिथे जायचं?"

पिवळा.

"घरी? खिडकीशी?"

हिरवा.

वजीरने बराच वेळ हात काढला नाही. "बरं," तो शेवटी म्हणाला. "मग डॉक्टर मी तिथे घेऊन येईन. त्याला नाही म्हणून दाखव."

ग्वेनने कागद पुढे केला. आधी वजीरने सही केली. मग तिने करीमला कायद्याचा प्रश्न विचारला, वधूचा होकार तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलात का?

"ऐकला," करीम म्हणाले. सही करण्याआधी त्यांनी हात पँटला पुसले. ते कोरडेच होते.

मेहरून चादरीची घडी घालत होती. करीम मदतीला वाकले, तसं ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "मी मोजले हो, मामू. सहा होते."

"बघितलेस?"

"सगळे बघितले. तुमच्या डाव्या मोज्याला भोक आहे. अंगठा बाहेर येतोय."

करीमने खाली पाहिलं. खरंच येत होता.